पहिल्या पानावर पास

जॉयल तुस्कानोला टाकीतून वर काढलं, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर हिरवी पट्टी होती. हिरवी पट्टी म्हणजे सुरक्षेचं ट्रेनिंग पूर्ण. पोरगा मेला होता आणि पास झाल्याची खूण गळ्यात तशीच लटकत होती.

कारखाना रंगांचा. चंदनसारच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. बंद टाकीच्या तळाला साचलेला गाळ खरवडायला सॅन्टन रुमाव नावाचा कामगार उतरला आणि आतल्या वाफेने भोवळ येऊन पडला. वर उभा असलेला जॉयल त्याला काढायला तसाच आत गेला. तोंडाला मुखवटा नाही, कमरेला दोर नाही. सॅन्टन शिडीजवळ पडला होता, लोकांनी त्याला ओढून काढला, तो वाचला. जॉयल भोवळ येऊन पलीकडे घसरला, त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचला नाही.

कारखान्याने लगेच कळवून टाकलं. कामगार प्रशिक्षित होता, नियम त्याला ठाऊक होता, नियम मोडून उतरला, चूक त्याची. संपला विषय! यांचे विषय किती झटपट संपतात हो.

पण कागदावर तो विषय संपणार होता कारखाना निरीक्षकाच्या अहवालाने, आणि त्या भागाची निरीक्षक होती ज्ञानदा वालावलकर. चाळिशीची, फटकळ, सरकारी खात्यात राहूनही प्रश्न विचारायची खोड न गेलेली. वरच्या साहेबांना ती डोक्याला ताप वाटायची. तिलाही ते तसेच वाटायचे.

अहवाल लिहायला बसण्याआधीच जॉयलची आई तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हिल्डा तुस्कानो, वटार गावची. केळीची आणि मोगऱ्याची वाडी एकटीने सांभाळणारी विधवा बाई. सोबत धाकटी मुलगी स्टेफी.

"मॅडम, एकच वाक्य हाय," हिल्डा म्हणाली. "त्याची चूक व्हती, हे तेवढं लिवू नका. बाकी काय लिवायचं ते लिवा."

"बिनमुखवट्याचा उतरला, हे खरं ना?"

"खरं."

"शिकवलं होतं म्हणतात त्याला."

"नव्हतं शिकवलं! शाळेत असल्यापासून नवीन कायपन शिकला की जेवताना सांगत बसायचा. भात गार व्हायचा. टाकीचं कधी एक अक्षर बोलला नाय. गावात लोक काय म्हनतात ठाऊक हाय? शाना बनायला गेला नि मेला. माझा पोरगा दुसऱ्याला काढायला गेला व्हता, मॅडम."

"मम्मी, चल ना," स्टेफी तिचा हात ओढत म्हणाली. "काय उपयोग आहे? तो परत येणार आहे का?"

"ही अशीच करते. तक्रार नको, काय नको." हिल्डाने हात सोडवून घेतला. "गोखिवऱ्याला कंप्युटरवर शाळेचे धडे बनवते. शिकलेली पोरगी, पन भावासाठी तोंड उघडत नाय."

स्टेफी खाली बघत राहिली. ज्ञानदाला वाटलं, नोकरी करणारी पोरगी आहे, मोठ्या माणसांशी वैर नको म्हणत असेल. असं वाटणं साहजिक होतं.

"मी शोधून काढते," ज्ञानदा म्हणाली. "ते वाक्य खोटं निघालं तर मी लिहिणार नाही. खरं निघालं तर लिहीन. आणि जे निघेल ते तुम्हाला तुमच्या तोंडावर सांगेन. चालेल?"

"चालेल," हिल्डा म्हणाली. बिचारीने विचारसुद्धा केला नाही.

कारखान्याचा सुरक्षा अधिकारी सुधाकर बोंद्रे म्हणजे चहा पाजून माणूस गार करणाऱ्यांपैकी. त्याने ज्ञानदाला आपल्या केबिनमध्ये बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि ट्रेनिंगचं पोर्टल उघडून दाखवलं. पडद्यावर खालपर्यंत कामगारांची नावं. प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका.

"सगळेच पास?"

"सगळेच, मॅडम."

"मार्क?"

"पैकीच्या पैकी."

"एकाचाही एक मार्क कमी नाही?"

"मेहनत आहे आमची." बोंद्रे खूश होऊन हसला.

"एवढे मार्क यांनी शाळेत मिळवले असते तर टाकीत कशाला उतरले असते, बोंद्रे? तुमच्या खुर्चीत नसते का बसले?"

बोंद्र्याचं हसू जरा आखडलं.

"यांच्या नावाने तुम्ही तर उत्तरं दिली नाहीत ना?"

"देवाशपथ नाही! पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे. या कॉम्प्युटरवर येतात, बसतात, जातात."

"जॉयल बसला तेव्हा तुम्ही होतात?"

"आठवत नाही हो. इतके लोक येतात."

"धडा मला बघायचाय. माझं नाव घाला त्यात."

बोंद्र्याने तिचं नाव पोर्टलमध्ये घातलं, धडा उघडून दिला. पहिल्या पानावर पिवळं हेल्मेट घातलेला चित्रातला कामगार आला, त्याने हात हलवून नमस्कार केला. ज्ञानदा पुढच्या पानाचं बटण शोधत होती, तेवढ्यात लाईट गेली.

आमच्या वसई-विरारला दोन हजार सात साली लाईट जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. लोडशेडिंगला लोक घड्याळ लावायचे. कारखान्याचा जनरेटर यंत्रांना पुरे, ऑफिसला नाही. पंखा थांबला. पट्टेवाल्याने आणलेला कप बोंद्र्याने टेबलावरच्या एका चकचकीत सीडीवर ठेवला. सीडीच्या कडेला हिरव्या शाईत काही लिहिलेलं होतं, पण त्यावर चहाचे गोल डाग पडले होते.

"सीडी खराब होईल," ज्ञानदा म्हणाली.

"होऊ दे की. काही कामाची नाही."

लाईट काही आली नाही. ज्ञानदा घाम पुसत निघाली.

सॅन्टन घरी ओसरीवर पडून होता. दोन वाक्यं बोलला की खोकत होता. ज्ञानदाने त्याला फार दमवलं नाही.

"टाकीचा धडा केला होतास?"

"बसवला व्हता मला. टोपीवाला मानूस आला, नमस्कार केला, नि लाईट गेली."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत गेलो. धडा उघडेचना. साहेब म्हनले, तुझं झालंय, पास झालास. पट्टी लावली."

"तू साहेबांना सांगितलं नाहीस, की मी काही वाचलंच नाही?"

"सांगितलं. ते म्हनले, कंप्युटर खोटं बोलतो का?" सॅन्टन पुन्हा खोकला. मग रडायलाच लागला. "मॅडम, जॉयलने माझं नाव घेऊन हाक मारली. मला ऐकू आली. मी मेलो असतो तर बरं झालं असतं."

ज्ञानदाने त्याच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या धरला आणि ती उठली. बाहेर येईपर्यंत तिच्या डोक्यात बोंद्रे पक्का झाला होता. सगळ्यांच्या नावाने या माणसाने उत्तरं दिली असणार. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही आत्ता तसंच वाटत असेल.

पण धडा बनवणाऱ्यांना विचारायला हवं होतं. बोंद्र्याने पत्ता दिला तो गोखिवऱ्याचा. पत्र्याच्या शेडच्या औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावरचा गाळा. खाली प्लास्टिकची झाकणं बनत होती, वर धडे. दार उघडलं आणि समोर स्टेफी बसलेली!

"तू इथे?"

स्टेफी उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. "मी इथेच काम करते, मॅडम. मम्मीला माहीत नाही की कारखान्याचा धडा आमचा आहे. प्लीज तिला सांगू नका."

मालक हर्षवर्धन टिपणीस लगबगीने पुढे आला. तिशीतला, बोलघेवडा. "फार वाईट झालं हो. आम्ही सगळे गेलो होतो मातीला. या, बसा. काय विचारायचं ते विचारा."

"तुमचा धंदा मला सोप्या भाषेत सांगा. मी टाक्या आणि बॉयलर तपासणारी बाई आहे."

"सोपं आहे. धडा आम्ही बनवतो. चित्रं, आवाज, प्रश्न, सगळं. पण तो चालतो गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर, आणि ते पोर्टल बनवलेलं असतं तिसऱ्याच कुणी. या दोघांचं जमलं पाहिजे. धड्याने आतून निरोप पाठवायचा, माणसाने धडा पुरा केला, एवढे मार्क पडले. पोर्टलने तो निरोप ऐकून हिरवा ठिपका लावायचा. ठिपका लागला की पोर्टलच्या लेखी तो माणूस सुटला, धडा बंद. निरोप पोचलाच नाही तर माणूस बिचारा दहादा धडा करो, ठिपका लालच. ही जोडणी म्हणजे आमच्या धंद्यातलं खरं डोकेदुखीचं काम."

"ती कोण करतं?"

"एकटी स्टेफी. बाकी सगळे चित्रं काढण्यात हुशार. जोडणी, तपासणी, सीडीवर घालणं, सगळं तिचं. तिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

मागच्या फळीवर सीड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. सगळ्यांवर हिरव्या शाईत नावं.

"कारखान्याचा धडा इथे चालवून दाखवा."

हर्षवर्धनने दाखवला. तोच पिवळ्या टोपीवाला, तोच नमस्कार. ज्ञानदाने हात लांब करून सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो मॅडम!"

"लाईट गेली असं समजा. आता परत सुरू करा."

सुरू केलं. त्यांच्या तपासणीच्या पोर्टलवर धड्यापुढे लाल ठिपका होता. अपूर्ण.

"बघा!" हर्षवर्धनला हायसं वाटलं. "आमचा माल चोख आहे. गेल्या वर्षी दिला, त्यानंतर आजपर्यंत मी त्याला हात लावलेला नाही. तिकडे काही झालं असेल तर त्यांनी केलं."

ज्ञानदा स्टेफीकडे वळली. "जॉयलने तो धडा केला होता, तुला काय वाटतं?"

"पहिलं पान फक्त बघितलं त्याने," स्टेफी पुटपुटली. "मग लाईट गेली."

"तिला नका विचारू हो आत्ता," हर्षवर्धन म्हणाला. "भाऊ गेलाय."

ज्ञानदाने नाही विचारलं. पण जिना उतरताना ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ती डबा उघडून बसली होती, तर बोंद्र्याचा फोन.

"अभिनंदन, मॅडम! तुम्हीही पास."

"काय?"

"पोर्टलवर तुमचं नाव हिरवं झालंय. पैकीच्या पैकी! मी म्हटलंच, सरकारी माणसं हुशार असतात." बोंद्रे आपल्याच विनोदावर खो खो हसला.

ज्ञानदाने घास खाली ठेवला. तिने बघितलं होतं एक पान. उत्तर एकाही प्रश्नाचं दिलं नव्हतं. त्या केबिनमधून ती बाहेर पडली तेव्हा लाईट आलीसुद्धा नव्हती. मग बोंद्र्याने तिच्या नावाने उत्तरं दिली म्हणायची? आणि वर फोन करून स्वतःच सांगितलं? एवढा मूर्ख तो नव्हता. नाही, त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं.

तिने डबा तसाच बंद केला. मग सगळ्याची संगती लागली. ती लागल्याचा तिला एक पैशाचा आनंद झाला नाही. उलट असं वाटलं, की आपण त्या बाईला तोंडावर सांगायचं कबूल कशाला केलं!

पण कबूल केलं होतं. तिने सगळ्यांना बोंद्र्याच्या केबिनमध्ये बोलावलं. बोंद्रे, हर्षवर्धन, स्टेफी आणि हिल्डा. हिल्डा इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. आज पोराचं नाव धुऊन निघणार, म्हणून.

"बोंद्रे, पोर्टलमध्ये हिल्डाबाईंचं नाव घाला."

"यांचं? कशाला?"

"घाला."

नाव घातलं. ज्ञानदाने हिल्डाला खुर्चीत बसवलं, माऊसवर तिचा हात ठेवला. "इथे दाबा. एकदाच."

हिल्डाने दाबलं. पिवळ्या टोपीवाल्याने नमस्कार केला. हिल्डानेही सवयीने मान लववली. ज्ञानदाने भिंतीवरचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद पाडला आणि परत सुरू केला. नावांची रांग उघडली. शेवटी नाव होतं हिल्डा तुस्कानो. पुढे हिरवा ठिपका.

"काय झालं?" हिल्डाने विचारलं.

"तुम्ही पास झालात. बंद टाकीत कसं उतरावं, आत कुणी पडला तर मागोमाग का उतरू नये, सगळं तुम्हाला येतं. पैकीच्या पैकी."

"मला तर काय पन ठाऊक नाय!"

"जॉयललाही नव्हतं," ज्ञानदा म्हणाली. "सॅन्टनला नव्हतं. या रांगेतल्या कुणाला येतं आणि कुणाला नाही, ते हिरवा ठिपका सांगूच शकत नाही. त्याला शिकवलं होतं हे खोटं आहे, हिल्डाबाई. धड्याचा निरोप शेवटच्या पानावरून जायला हवा. इथे तो पहिल्याच पानावरून जातो. पूर्ण झालं आणि पैकीच्या पैकी, धडा उघडल्याबरोबर. त्यात लाईट गेली तरी पोर्टलच्या लेखी माणूस पास, आणि मग धडा पुन्हा उघडतच नाही."

हिल्डाने क्रूस केला. "देवा, तुझे उपकार," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. त्या घटकेपुरती ती बाई खरंच सुखी होती.

"म्हणजे मी काही केलेलं नाही!" बोंद्र्याने सुस्कारा सोडला.

"तुमच्याकडे येतेच. हर्षवर्धन, तुमच्याकडे हाच धडा मी बंद पाडला तेव्हा लाल राहिला. इथे हिरवा होतो. एकच माल, तुम्ही एकदाच दिलेला. मग दोन तऱ्हा कशा?"

"तेच म्हणतो मी. यांनी काहीतरी..."

"यांना ठिपक्याचा रंग तेवढा कळतो, धड्याच्या आतलं नाही. बदलली आहे ती तुमच्याकडची प्रत. आधी तीही बिघडलेलीच होती. कुणीतरी ती नीट केली आणि नीट केलेली इथेही पाठवली." ज्ञानदाने बोंद्र्याच्या कपाखालची सीडी उचलली आणि रुमालाने डाग पुसले. हिरवी अक्षरं स्पष्ट झाली. टाकी, नवीन. "ही कधी आली?"

बोंद्रे कप उगाच इकडून तिकडे सरकवू लागला.

"बोंद्रे, मी विचारतेय."

"मातीच्या नंतर. धडा बदला म्हणून निरोप होता. पण मॅडम, नवीन धडा चढवला की जुने ठिपके जातात. सगळे लाल! तुम्ही चौकशीला येणार होतात. सगळी रांग लाल दाखवू का तुम्हाला?"

"म्हणून चहाचा कप ठेवलात. अजून माणसं काही न वाचता रोज टाक्यांवर जातात, हे सॅन्टनने तुम्हाला सांगितलं होतं, धडा बदला म्हणून ही सीडीही आली होती, आणि तुम्ही तिच्यावर कप ठेवलात! अहो, थोडी तरी लाज!"

बोंद्र्याने मान खाली घातली. हर्षवर्धन खिडकीबाहेर बघत होता. ज्ञानदाला थांबून चालणार नव्हतं.

"ही अक्षरं ज्या हाताची आहेत, तोच हात एकटा जोडणी करतो. तरी मला खात्री नव्हती. खात्री झाली ती एका वाक्याने. मी विचारलं, जॉयलने धडा केला होता का. तू म्हणालीस, पहिलं पान फक्त बघितलं, मग लाईट गेली." ती स्टेफीकडे बघत होती. "हे कुठेच नोंदलेलं नाही. बोंद्र्यांना आठवत नाही. म्हणजे जॉयलने तुला स्वतः सांगितलं असणार. आईसोबत माझ्याकडे आलीस तेव्हा तुला हे माहीत होतं. भावाला सोडवायला एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ज्या बहिणीजवळ ते वाक्य आहे ती गप्प का बसेल? उलट आईचा हात ओढून तिला घरी का नेईल? एकाच कारणाने. त्या वाक्याची वाट फिरून तिच्याकडेच येत असेल तर."

हिल्डाने पदर डोळ्यांवरून काढला. तिला अजून कळत नव्हतं. "कोनाची वाट? स्टेफी, काय म्हनतात या?"

स्टेफी भिंतीला टेकली. बोलायला लागली ती सगळ्यांना सोडून आईशी.

"इथे तपासणीला धडा दिला की लाईट जायची, मम्मी. निरोप शेवटच्या पानावर होता, तो कधी पोचायचाच नाही. ठिपका लाल. बोंद्रेसाहेब माल परत पाठवायचे. तीनदा परत आला. माणूस कुठल्या पानावर थांबला ते धड्याला लक्षात ठेवायला लावता येतं, मला करता येत होतं ते. वेळ मागितला मी. टिपणीससर म्हणाले, ठिपका हिरवा झाला पाहिजे, कसा तो मला सांगू नकोस. मग मी निरोप पहिल्या पानावर आणला. एकदाच हिरवं होऊ दे, माल पास होऊ दे, नंतर नीट करू म्हटलं. नंतर दुसरं काम आलं, मग तिसरं..."

"आनि जॉयल?"

"तो घरी येऊन म्हणाला, तुमचा धडा भारी आहे, पहिलं पान बघितलं, लाईट गेली, आणि मी पास! तू वाडीत होतीस. मी हसले, मम्मी. म्हटलं, सुटलास."

हिल्डा खुर्चीतून उठली आणि तिने स्टेफीच्या खाडकन मुस्काटात मारली. पोरीने हातसुद्धा वर केला नाही.

"मॅडम, हे तिने आम्हाला न विचारता केलेलं आहे," हर्षवर्धन घाईघाईने म्हणाला. "मी लेखी देतो. अशी तडजोड आमच्या कंपनीत चालत नाही."

"आम्ही तर विश्वासाने धडा विकत घेतला," बोंद्रे म्हणाला. "आमच्या कारखान्याचा यात दोष कुठे येतो?"

किती पटकन जमलं दोघांचं! ज्ञानदा त्यांच्याकडे बघत राहिली. अहवाल वर गेल्यावर काय होणार ते तिला आत्ताच दिसत होतं. एकाकडे साहेबलोक, दुसऱ्याकडे वकील. दोघे अंग झटकून उभे राहणार आणि सगळं येऊन पडणार ते गोखिवऱ्याच्या गाळ्यात बसणाऱ्या एका पोरीवर. तिच्या हातून माणूस मेला, असंच म्हणणार सगळे. आणि ते अगदीच खोटं असंही म्हणता येत नव्हतं, हेच वाईट होतं.

"लिहा, मॅडम," स्टेफी म्हणाली. "माझं नाव लिहा. मला झोप लागत नाही."

"तू गप बस!" हिल्डा ओरडली. मग वळून ज्ञानदासमोर आली. "तिला काय होईल?"

"केस होईल. शिक्षा होईल की नाही सांगता येत नाही. नोकरी जाईल, नाव जाईल."

"नि जॉयलचं नाव सुटेल."

"सुटेल."

हिल्डाची दोन पोरं, एकाची माती झालेली. कुणाकडे बघावं ते तिला कळत नसावं. मग ती बोलली.

"शिकवलं असतं तरी तो गेलाच असता."

"हिल्डाबाई..."

"गेला असता! मी त्याची आय हाय, मला ठाऊक हाय. सॅन्टन आत पडलेला नि तो वर उभा राहील? धडा केला असता तरी गेला असता. कुनाचं ऐकायचा नाय. लिवा, त्याची चूक व्हती. मी सांगते, मी सही करते."

"मम्मी, नको गं!"

"मेलेल्याला आता काय करतील? लिवा, मॅडम."

बोंद्र्याने खण उघडून कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. तेवढी तत्परता त्याने टाकीला दोर बांधताना दाखवली असती तर! ज्ञानदाने कागद हिसकून फेकून दिला. "माझा अहवाल मी लिहीन. जे निघालं ते लिहीन." पण हिल्डाने खाली वाकून कागद उचलला आणि टेबलाशी बसून, शाळेतल्या वळणदार अक्षरात, पोराची चूक लिहून दिली.

ज्ञानदाने खरंच सगळं लिहिलं. पहिलं पान, निरोप, ठिपके, सीडी, बोंद्रे, टिपणीस, स्टेफी. एक शब्द गाळला नाही. नवीन धडा आपल्यासमोर चढवून घेतला. रांग लाल झाली. पुढच्याच महिन्यात पुन्हा हिरवी झाली, कशी ते तिला कुणी सांगितलं नाही. अहवाल वर गेला, वर बराच फिरला आणि जो शेरा घेऊन खाली आला त्यात एवढंच होतं की मृताच्या आईच्या जबानीवरून अपघात मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला असं दिसतं, प्रकरण बंद करावं. हे सगळ्यांनाच सोयीचं होतं.

सांगायला ती वटारला गेली. हिल्डा वाडीत मोगरा खुडत होती. स्टेफी ओसरीवर बसली होती. नोकरी तिची गेलीच होती. ज्ञानदाने हाक मारली तरी तिने वर पाहिलं नाही.

"प्रकरण बंद झालं," ज्ञानदा म्हणाली. "स्टेफीला काही होणार नाही."

"बरं झालं," हिल्डा म्हणाली. टोपली अर्धी भरली होती. ज्ञानदाला काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "कबरीवर नेणार का फुलं?"

हिल्डाचे हात थांबले.

"बाजारात जातात," ती म्हणाली. "मी नाय जात तिकडे. तो विचारील, आय, तू काय लिवून दिलंस? मी त्याला काय सांगू?"

ज्ञानदाने वाफ्याच्या कडेला पडलेली दोन फुलं उचलून टोपलीत टाकली. मग हिल्डाने टोपली उचलली, ओसरीवर येऊन पोरीपुढे ठेवली आणि दोघी खाली मान घालून फुलं निवडायला बसल्या.